बाजारातली बांगडीवाली

बांगडीवाली पुन्हा हलली होती.

काल संध्याकाळी ती मारुतीच्या देवळासमोर बसली होती. अच्युतरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आज सकाळी टॅबवर बाजार उघडला, तर देवळासमोर भजीवाला आणि बांगडीवाली पार एसटी स्टँडच्या अंगाला. त्यांनी चष्मा पुसला, नोंदवही ओढली, तारीख घातली आणि शेरा मारला : ‘दुकान जागेवर नाही. पूर्तता करावी.’

केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त होईपर्यंत बारा शाळांची शेरेपुस्तकं त्यांनी अशीच भरली होती. हात अजून शिवशिवत असे.

गेम त्यांच्या लेकीनं, शाल्मलीनं केलेला होता. तळेगावचा आठवडी बाजार. खेळणाऱ्याच्या हातात एक पिशवी आणि यादी : सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी, गूळ, सुतळी, झाडायचा फडा आणि डझनभर हिरव्या बांगड्या. सगळं घेऊन शेवटच्या बसच्या आत स्टँडवर पोचायचं. अच्युतरावांनी तळेगावात आठ वर्षं मास्तरकी केलेली, त्यामुळे कुठली गल्ली कुठे वळते याबाबत त्यांचा शब्द प्रमाण होता. तिनं सारा नकाशा त्यांनाच विचारून काढला होता.

दोन महिन्यांपूर्वी ती पुण्याहून नाचणगावला आली, ती परत गेलीच नाही. घरूनच काम करायची. रोज सकाळी टॅब त्यांच्यापुढे ठेवायची आणि चहाचा कप घेऊन बाजूला बसायची. अवाक्षर बोलायची नाही.

“काऊन गं, मी चुकून राह्यलो तरी सांगत नाई तू?” त्यांनी एकदा विचारलं.

“आमच्या धंद्यात तसाच नियम आहे, बाबा. खेळणाऱ्याले सांगाचं नाई. तो कुठं अडते, ते फक्त पाह्यचं.”

हा नियम त्यांना फार आवडला. तपासणीला गेल्यावर तेही शेवटच्या बाकावर असेच गुपचूप बसत. पोरगी अगदी बापाच्या वळणावर गेली होती.

पण कामात मात्र ढिली, हे त्यांना कबूल करावं लागलं. एकच चूक त्यांनी वहीत चार ठिकाणी लिहिली होती, तरी ती होती तिथेच. गुळाच्या दुकानामागची गल्ली कधी उजवीकडे जाई, कधी डावीकडे. एकदा तर स्टँडच सापडला नाही. ते अर्धा तास बाजारात फिरत राहिले आणि बस निघून गेली.

“सुधारलं काय ते?” ते विचारत.

“लिहून ठेवा, बाबा,” ती म्हणे. “एकही सोडू नका.”

त्यांच्या बायकोनं, इंदिराबाईंनी, तोच बाजार एकदा हातात घेतला आणि सहा मिनिटांत पिशवी भरून बसमध्ये जाऊन बसल्या. अच्युतराव हसले. “तुह्यं काय, तू तं झोपेतही बाजार करते.” इंदिराबाई मात्र हसल्या नाहीत. टॅब खाली ठेवून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. बाई माणसाला कौतुकही सोसत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

आता मात्र हे कोडं त्यांना स्वस्थ बसू देईना. दुकानं हलवतं कोण? त्यांनी एक युक्ती काढली. संध्याकाळी बांगडीवालीची जागा वहीत मांडली, खाली सही ठोकली, टॅब कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली करदोट्याला बांधली. सकाळी उघडून बघतात तो बांगडीवाली तिसरीकडेच. म्हणजे चोर घरातला नव्हता. यंत्राच्या आतच काहीतरी होतं, जे माणसं झोपली की बाजार उचलून इकडचा तिकडे करायचं. त्यांना भीती नाही वाटली. उलट लहान मुलासारखी मजा वाटली. पण काळजीही होती. असा गेम बाहेर गेला तर लोक पोरीला हसतील. तिच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडेल. तिला त्यातून बाहेर काढणारं एकच साधन होतं, ते म्हणजे ही वही.

म्हणून बुधवारी ती म्हणाली, “बाबा, वर्धेले एक जण आहेत, त्यांले तुमची वही दाखवाची आहे,” तेव्हा त्यांनी इस्त्रीचा सदरा काढला. वाटेत पुलगाव मागे पडेपर्यंत ते तिला धीर देत होते. “तू घाबरू नको. चुका आपल्याच आहेत, आपणच सांगू. साहेब लोकांले असा माणूस आवडते.”

तिनं त्यांचा हात घट्ट धरला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर दोन म्हातारे आपापल्या मुलांबरोबर बसले होते. या वयात हेही गेम तपासतात म्हणजे कमाल आहे, असं अच्युतरावांना वाटलं. एकाशी त्यांनी ओळखही करून घेतली.

साहेब भला माणूस निघाला. त्यानं वही पहिल्या पानापासून वाचली, शेरान् शेरा, तारखा मागेपुढे करत. चाळीस वर्षांच्या नोकरीत अच्युतरावांचं शेरेपुस्तक इतकं मन लावून कुणी वाचलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला. एखादा शेरा कळला नाही तर सांगावा म्हणून ते तयारीत बसले. शेवटी साहेबांनी वही मिटली आणि शाल्मलीकडे वळून विचारलं, “या दोन महिन्यांत गेममध्ये तुम्ही एकूण किती वेळा बदल केलेत?”

अच्युतराव पुढे सरकले. आता पोरीनं खरं काय ते सांगून टाकावं, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“एकदाही नाई, डॉक्टर,” शाल्मली म्हणाली.