फ्रीजवरचं घर

अप्पांच्या वाढदिवसाचा केक सकाळी सहालाच रंजनीच्या फोनवर आला. जगभर पसरलेल्या त्या सोशल साइटने सोबत फुगेही सोडले होते. 'शेषाद्री राव यांना शुभेच्छा द्या!' शेषाद्री राव, म्हणजे रंजनीचे वडील अप्पा, आदल्या आठवड्यात वारले होते.

रंजनीने ते साइटला तेव्हाच कळवलं होतं. साइटने तत्परतेने विचारलं होतं, कळवण्याचा अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या. नातेवाईकही कमी तत्पर नव्हते. मरणाच्या बातमीखाली हात जोडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी आज केकखाली 'शतायुषी व्हा' असं लिहिलं. इतक्या आशावादी माणसांवर रागवायचं तरी कसं?

खरं तर अप्पांनी ती साइट कधीच सोडली होती. तिथून बाहेर पडायचं बटण त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही, एवढंच. आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस मग इंटरनेटवर स्वतःचंच गप्पांचं ठिकाण काढून बसला. सॉफ्टवेअर खुलं, फुकट, कोणा एकाच्या मालकीचं नाही. अशी छोटी छोटी ठिकाणं जगभर, एकमेकांना जोडलेली. अप्पांचं ठिकाण फ्रीजच्या डोक्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. सभासद वीसेक, सगळे तंजावरी मराठी बोलणारे, बहुतेकांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. दह्यातल्या डांगर पचडीत हिंग किती, कोणाचा गुडघा कसा आहे, अमक्या भांड्याला आजी काय म्हणायची. क्रांती म्हणतात ती हीच.

रंजनीने तिथेही लिहिलं होतं, 'अप्पा गेले.' उत्तर आलं नाही. एकही नाही. ज्यांना अप्पा पासवर्ड पुन्हा पुन्हा फोनवर समजावून द्यायचे, त्यांना दोन शब्द सुचू नयेत! केकवाल्यांनी निदान बोटाला कष्ट तरी दिले होते.

"अक्का, प्लग काढून टाक ना," क्रियेसाठी बंगळूरहून आलेला धाकटा भाऊ सिद्धार्थ म्हणाला. "अप्पांचं खेळणं होतं ते. आता तिथे चिटपाखरू तरी आहे का?"

"तेरावा होऊ दे. काढते."

तेरावा झाला. गोडाचं जेवण झालं. सिद्धार्थ रात्रीच्या गाडीने परत गेला. सकाळी रंजनीने फ्रीजपाशी स्टूल ओढलं. जाताना एक ओळ तरी लिहावी म्हणून वर चढून तिने फोनवर अप्पांचं ठिकाण उघडलं. 'हे ठिकाण आजपासून बंद' इथपर्यंत लिहून झालं होतं, तेवढ्यात वर एक निरोप उगवला. श्रीरंगमच्या जुन्या सभासद कनकाक्कांचा.

'रंजनी, सूतक फिटलं. मोठं माणूस गेल्यावर घरात चूल पेटवीत नाहीत. हे अप्पांचं घर, म्हणून येथे आम्ही कोणी तोंड उघडलं नाही. आता बोलू की? तू जेविलीस की नाही?'

त्याखाली दुसरा आला. मग तिसरा. सगळे जणू चपला काढून दाराबाहेर थांबले होते.

फोन वाजला. सिद्धार्थ होता.

"पोचलो गं. काढलास का प्लग?"

रंजनी स्टुलावरून खाली उतरली.

"नंतर बोलते," ती म्हणाली. "घरात माणसं आलीयेत."