गार रेडिएटर

हृषीकेशने हॉलमधल्या, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला हात लावला. आजही थंडगार! आई कोल्हापूरहून इंग्लंडमध्ये लीड्सला त्याच्याकडे राहायला आली, तेव्हापासून घर रोज सकाळी गारठलेलं असायचं. त्याने रेडिएटरमधली साचलेली हवा सोडून पाहिली, बॉयलर तपासला. दोष काही सापडेना. वैतागून तो खाली वाकला, तर रेडिएटरचा नॉब शून्यावर होता. बाकीच्या खोल्यांतही तेच.

“मीच बंद करते रोज,” आई दारातून म्हणाली. “गॅस उघडा ठेवून कोणी झोपतं का रे?”

“अगं आई, गॅस तिकडे बॉयलरला. यात नुसतं गरम पाणी फिरतं!”

आईला पटलं. पण गॅसचा नॉब बंद करून मगच अंथरुणाला पाठ टेकायची तिची जन्माची सवय. हात काही ऐकेनात. मग तोही कटकट करत रोज पहाटे उठून एकेक नॉब उघडू लागला.

मार्चमध्ये तो आईला विमानतळावर सोडून आला. दुसऱ्या दिवशी सवयीने पहाटेच जाग आली. घर छान उबदार होतं. तरीही तो प्रत्येक खोलीत जाऊन रेडिएटरला हात लावत फिरला, एखादा तरी गार लागावा म्हणून.