आठ-आठ अक्षरं

नायगावच्या चाळीतल्या त्या खोलीत खुर्ची एकच, आणि तिच्यावर नम्रताचे मार्गदर्शक हेरंब सर बसले होते. चहाला हातसुद्धा लावला नव्हता. तिच्या प्रबंधाचं पान बोटांच्या टोकांनी उचलून त्यांनी तिच्या आजीची, सुंदराबाईंची, पाठवणीची ओवी वाचली.

कळशी राहिली अर्धी, गो बाय, गो बाय
भरायची होती पोरीनं, गो बाय, गो बाय

"यमक नाही. छंदाचा पत्ता नाही. आणि हे 'गो बाय, गो बाय' म्हणजे निव्वळ भरताड. करुण रस पातळ होतो अशानं, आजी."

शिकवत होते कुणाला, तर अख्ख्या चाळीतल्या पोरी गाऊन वाटेला लावलेल्या बाईला!

"मी दुरुस्त केलीय. हीच घालायची, नम्रता. नाहीतर माझी सही विसर."

नम्रताचं तोंड उतरलं. सोमवारी प्रबंध जमा करायचा होता, दोन वर्षांची मेहनत त्या सहीपाशी अडली होती. "आजी, जाऊ दे ना गं," ती हळूच म्हणाली. "दोनच तर ओळी."

सुंदराबाई उठल्या. डब्यातले तांदूळ ताटात काढले आणि नातीला म्हणाल्या, "उंबऱ्यात उभी रव. ओढणी पसर. मास्तर, मी पोरीची ओटी भरतंय. पाच ओंजळी. तुम्ही तुमची ओवी म्हणा."

अडाण्याचे लाड पुरवावेत तसे सर हसले. "कळशी अर्धी राहिली, लेक सासरी चालली." घडाघडा म्हणून मोकळे. "आठ-आठ अक्षरं. कसं चोख!"

तोवर पहिलीच ओंजळ पडली होती. दुसरी पडली, तिसरी पडली. खोलीत नुसता तांदळाचा आवाज. नम्रता आजीच्या तोंडाकडे बघत होती. तिला एकदम रडू आलं.

"डोंबलाचं चोख!" सुंदराबाई म्हणाल्या. "पोरगी अजून उंबऱ्यात, आणि तुमचं गाणं आटपलंसुद्धा."

"सर, ओवी आहे तशीच राहील," नम्रता म्हणाली.

"मग सही नाही." सर ताडकन उठले, बॅग उचलून दाराशी आले.

नम्रता उंबऱ्यातून हलली नाही. "आजी, घाल."

सुंदराबाईंनी चौथी ओंजळ भरली आणि गळा मोकळा सोडून आपली ओवी धरली. शेजारच्या दोन बायका दाराशी येऊन त्यांच्या सुरात सूर मिसळू लागल्या. सर बाजूनं वाट काढायला लागले.

"ओटी भरताना मधून जाऊ नये, मास्तर," सुंदराबाई म्हणाल्या. "तवर अक्षरं मोजा."