उपाशी माणसाची साखर

मशीनवर आकडा आला, तीनशे ब्याण्णव.

“काय खाल्लंत?” बायकोने विचारलं.

प्लंबर उशीला टेकून बसला होता. तापाचा चौथा दिवस. खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या आणि दोन दिवसांत पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. पोटात अन्न नाही म्हणून बायकोने शुगरच्या गोळ्याही बंद ठेवल्या होत्या. उपाशीपोटी गोळी कशी द्यायची, असं तिचं साधं म्हणणं. त्यालाही ते पटलं होतं.

“काही नाही गं.”

“मग साखर काय हवेतून आली?”

त्याची तीस वर्षं पाइप जोडण्यात गेली होती. वरचा कॉक बंद असेल तर टाकी भरत नाही, हे त्याला झोपेतही कळायचं. इथे कॉक बंद, आणि टाकी भरून वाहायला लागलेली. त्याचं डोकंच चालेना.

बायकोने मात्र कंबर कसली. उशीखाली पाहिलं, गादी उचलली, स्वयंपाकघरातले डबे पालथे घातले, त्याची हत्यारांची पिशवीसुद्धा जमिनीवर उलटी केली. पाने निघाले, वॉशर निघाले. गोड म्हणावं असं काही निघालं नाही. मग ती पलंगाच्या कडेला बसली.

“मी रागावणार नाही. फक्त खरं सांगा. माझा जीव टांगणीला लागलाय हो.”

त्याने आठवून पाहिलं. तापात सकाळ कुठली, संध्याकाळ कुठली, सगळा घोळ झाला होता. आपण मध्येच उठलो होतो का? डब्यात हात घातला होता का? मशीन कशाला खोटं बोलेल? आणि ही बिचारी चार दिवस धड झोपली नव्हती. त्याला तिची फार दया आली.

“बिस्किटं खाल्ली असतील,” तो म्हणाला. “दोन-तीन.”

“बघा, मी म्हणत नव्हते?”

तिने डोळे पुसले. मग चांगले चार शब्द सुनावले, पण चेहरा उतरला होता तो सैल पडला. एकदाचं कारण सापडलं होतं. डॉक्टरांना लावायला घेतलेला फोन तिने खाली ठेवला. आता तोंडावर ताबा ठेवला की उतरेल, म्हणाली. त्यालाही हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा श्वास भात्यासारखा चालायला लागला, तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला इस्पितळात न्यावं लागलं.

“छातीत असा संसर्ग झाला की साखर आपोआप चढते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शरीरच ती आतून सोडतं, माणूस उपाशी असला तरी. आणि चढलेली साखर मग आजाराला हटू देत नाही. गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात, आम्हाला विचारायचं असतं. काल आणायला काय झालं होतं?”

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

प्लंबरने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा वर उचलला. त्याचा गोंधळ अजून मिटला नव्हता.

“अगं, मग मी बिस्किटं खाल्ली की नाही?”

बायकोने मास्क पुन्हा नीट बसवला आणि हात तिथेच ठेवला.

“घरात बिस्किटं नव्हतीच हो,” ती म्हणाली. “मला माहीत होतं.”