समितीची रंगीत तालीम

यंत्र शुक्रवारी येणार, असं प्राचार्य धर्मराज तौर यांनी सांगितलं तेव्हा प्रा. खुर्शीद पटेल यांनी नुसती मान हलवली.

सळई ताणून तोडून पाहायचं ते यंत्र. एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्यातून ते ट्रकवर चढून कॉलेजात यायचं. त्याच्या पाठीवर कॉलेजच्या नावाची पट्टी चिकटायची. दिल्लीची तपासणी समिती त्याच्याकडे कौतुकानं बघायची, आणि समितीची गाडी जालन्याबाहेर पडली की यंत्र परत ट्रकवर. लोखंडाच्या या गावात इंजिनियर होणाऱ्या पोरांनी आयुष्यात एकही सळई तोडलेली नव्हती.

खुर्शीद सर इथं तीसेक वर्षं औद्योगिक संख्याशास्त्र शिकवत होते. पहिल्याच तासाला सांगायचे, नमुना आपण उचलायचा, मालवाल्यानं हातात दिलेला घ्यायचा न्हाई. आणि आपण कोणत्या दिवशी येणार, हे त्याला कळू द्यायचं न्हाई. पोरं हे उतरवून घेत आणि परीक्षेत लिहीत. कॉलेजच्या दृष्टीनं विषय तिथं संपे.

यंत्र विकत घ्या, असा अर्ज ते दरवर्षी करत. दरवर्षी त्यांची बढती अडे. प्रयोगशाळेत यंत्राची जागा त्यांनी चुन्यानं आखून ठेवली होती. त्या चौकोनात कपाटं ठेवायचं संस्थेनं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा सर स्वतः खुर्ची टाकून तिथं बसले. मधे एकदा, तपासायला कॉलेजं कशी निवडावीत याचा सल्ला द्यायला त्यांना दिल्लीला बोलावणं आलं. तौर सरांनी ती रजा बिनपगारी केली, आणि परतल्यावर सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, तिथं निदान चहा तरी पाजला का. पाजला, म्हणाले खुर्शीद सर.

यंदा ते निवृत्त होणार होते.

"शुक्रवारी तुम्ही पोरांना घेऊन अंकुशनगरला जा. साखर कारखाना दाखवा," तौर सर म्हणाले. "समितीसमोर तुम्ही नकोच. तुमच्या ग्रॅच्युइटीचे कागद अजून माझ्या टेबलावर आहेत."

"मला विचारलं तर मी खरंच सांगणार, सर. कागद टेबलावर राहू द्या न्हाईतर टेबलाखाली."

"म्हणूनच अंकुशनगर."

त्याआधी मंगळवारी मात्र सरांकडे काम होतं. खऱ्या समितीआधी एक खोटी समिती फिरवायची कॉलेजची पद्धत होती. निवृत्त प्राध्यापक बोलवायचे, त्यांनी समितीसारखं तोंड करून हिंडायचं, आपण कुठं पकडले जाऊ ते सांगायचं आणि शाल-नारळ घेऊन घरी जायचं. मागच्या खेपेचे तिघं जेवणावरून रुसले होते. खुर्शीद सरांचे दोस्त गावोगाव निवृत्त होऊन बसलेले. त्यांतले तिघं आणा, असं तौर सरांचं फर्मान होतं.

"मंगळवारी तिघं येतील, ते माझ्याकडं लागलं," खुर्शीद सर म्हणाले. "पण तालमीत काही लपवू नका. जिथं भोक आहे तिथं बोट ठेवून दाखवा. त्याशिवाय तालीम कशाची?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही बराबर बोललात, असं तौर सरांनी मोकळ्या मनानं कबूल केलं.

जुन्या जालन्यातल्या घरी फरजानानं नवऱ्याला पुन्हा समजावलं. उम्रभर लढलात, आता जाता जाता तरी गप बसा. मंगळवारी मी बिलकुल गप बसणार आहे, असं त्यांनी सांगितल्यावर तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मंगळवारी तिघं आले. दोन पुरुष, एक बाई. चहा नको म्हणाले. खुर्शीद सर पुढं झाले नाहीत. प्रयोगशाळेचा शिपाई कचरू याच्या शेजारी, मागं उभे राहिले. तौर सरांनी त्यांना डोळा घातला.

"ही जागा रिकामी का?" बाईंनी चुन्याच्या चौकोनाकडं बोट दाखवलं.

"यंत्र शुक्रवारी येतं," तौर सर खुशीत म्हणाले. "ट्रकनं. शनिवारी परत. तोवर इथं कचरू डबा खातो."

"किती वर्षं?"

"मी आलो तेव्हापासून."

मग तौर सरांना थांबवणं कठीण झालं. विभागातले तीन प्राध्यापक नुसते पगारपत्रकावर आहेत, हे त्यांनी सांगितलं. त्यांतल्या एकाचं भोकरदनला बियाण्याचं दुकान आहे, फोन केला की कोट घालून येतो, हेही सांगितलं. बाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी सही मागितली. तालीम म्हणजे तालीम. तौर सरांनी झोकात सही केली आणि कचरूला पळवून शिक्काही आणवला.



तिघांनी शाल घेतली नाही, नारळाला हात लावला नाही. गाडी फाटकाबाहेर गेली तसे तौर सर प्रयोगशाळेत परत आले. खुर्शीद सर चौकोनाचा पुसट झालेला कोपरा चुन्यानं नीट करत होते.

"मानलं तुम्हाला," तौर सर म्हणाले. "इतकं खरं तर मी खऱ्या कमिटीतही पाहिलं न्हाई. ती गळ्यातली ओळखपत्रं तर काय झकास. कुठं छापून घेतली हो?"

"ती दिल्लीलाच छापतात, सर," खुर्शीद सर हात झटकत म्हणाले. "मी फक्त तुमच्या तालमीचा दिवस कळवला."