चारची गोळी

दिल्लीच्या करोल बागेत गाड्यांचे रेडिओ विकणाऱ्या दुकानासमोर वैजयंती थबकली. आत मांडलेले सात-आठ रेडिओ एकदम तिच्याच आवाजात बोलले, “मैं हूँ महक. दवा ले लीजिए.”

घड्याळात अडीच वाजले होते.

आता खोटं वाटेल, पण रेडिओवर बोलणाऱ्या महक तीन आहेत. एक दिल्लीत, एक जयपुरात, एक कानपुरात. ‘रेडिओ चौबारा’ हे नाव एक, मालक तीन. एकाच पाटीखाली बसलेले तीन असली हलवाई म्हणा ना. दिल्लीची महक सहा वर्षं वैजयंती होती. महिन्यापूर्वी नव्या मालकाने स्टेशन विकत घेतलं, पाटी ठेवली, वैजयंतीला काढलं आणि हुबेहूब जुळता आवाज कुठूनसा शोधून तिच्या खुर्चीत बसवला. चार वाजता ‘दवा ले लीजिए’ म्हणायची तिची लकबही खुर्चीबरोबर गेली.

खरं तर ती लकब नव्हतीच. आईची नजर गेली होती, रक्तदाबाची गोळी चारला असायची, म्हणून लेक स्टुडिओतून आठवण करायची. सगळी दिल्ली हसायची. गोळी एकटी आई घ्यायची, आवाज आला की लगेच.

नोकरी गेल्याचं वैजयंतीने घरी सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचं आणि बाजारात दिवस काढायचा. चारची आठवण ती नवी मुलगी करतेय, म्हणून तिने मनातल्या मनात तिचे आभारही मानले होते.

“आज अडीचलाच कसं?” तिने हिंदीत विचारलं.

दुकानदार वैतागलेलाच होता. “मॅडम, आज से सब नया है. बातें बंद, सिर्फ गाने. और हर आधे घंटे में ये रिकॉर्डिंग. सुबह नौ बजे से दवा खिला रही है.”

तिने घरी फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. रिक्षा केली, ती गर्दीत अडकली, तशी उतरून पळत सुटली. तीन जिने चढली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई, कुसुमावतीबाई, पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मान कललेली. मांडीवर गोळ्यांचं एक पाकीट रिकामं, दुसरं हातात. फोन जिथल्या तिथे, चार पावलांवर. रेडिओ उशाशी.

वैजयंतीला धाप लागली होती. तिने दाराची चौकट धरली.

तीन वाजले. उशाशी आवाज आला, “मैं हूँ महक. दवा ले लीजिए.”

“घेते गं,” आई जड जिभेने रेडिओला म्हणाली. “आज किती आठवण करतेयस माझी. पण थांब हं जरा, दारात कुणीतरी आलंय.”