गोकुळ वकिलांची शेवटची फाइल

"खुर्ची तितं नको, पाहुण्याला ऊन लागंल," सरपंच जोतीराम म्हणाला. "परदेशी माणूस हाय."

गादीची खुर्ची चौथ्यांदा हलली आणि मांडवाच्या मधोमध आली. ती एमआयडीसीतल्या मेव्हण्याच्या ऑफिसातून टेम्पोत घालून आणली होती. कऱ्हाटीत परदेशी पाहुणा पहिल्यांदाच येणार, तेव्हा एवढं करायलाच हवं होतं. शाळेच्या प्रतिक्षा मॅडम इंग्रजी भाषण पुटपुटत मांडवाला चकरा मारत होत्या.

आज गोकुळ वकिलांचा सत्कार होता. म्हणजे, होईल अशी आशा होती.

वकिलांनी आयुष्य दिल्लीत घालवलं. राजकारणापायी ज्यांना आपला देश सोडून पळावं लागलं, अशा लोकांसाठी ते कोर्टात भांडले. कुणी मोर्चात झेंडा धरला होता, कुणी पत्रक वाटलं होतं, बस्स, एवढ्यावर माणूस देशोधडीला. अशा दोनशे अकरा जणांना वकिलांनी कुठल्या ना कुठल्या देशाचा कागद मिळवून दिला. दोनशे बारावी फाइल मात्र तीस वर्षं अडून बसली होती. ती सुटेपर्यंत गळ्यात हार घालून घेणार नाही, हा त्यांचा हट्ट. ते गावी परतल्यापासून गावानं चार वेळा हार आणले आणि चारही वेळा ते मारुतीच्या गळ्यात पडले.

काल बारामतीच्या कचेरीतून फोन आला. फाइल सुटली. नागरिकत्वाचा कागद घेऊन उद्या कचेरीतल्या मॅडम स्वतः येणार आणि कऱ्हाटीतच, सगळ्यांसमोर, तो ज्याचा त्याच्या हाती देणार.

मांडवाच्या मागं चुलीवर वकिलांची बायको, लक्ष्मीबाई, भाकऱ्या थापत होती. आचाऱ्याला तिनं पहाटेच हाकलून दिलं होतं. जोतीराम तिच्यापाशी गेला.

"काकी, कालवणात तिखट बेतानं टाका. पाहुणा रडंल."

"न्हाय रडत. कमी तिखटाचं घशाखाली उतरत न्हाय त्या माणसाच्या."

"तुमाला काय ठावं?"

"मला न्हाय तर कुणाला? तीस वर्सं त्या फाइलीसंगं संसार केलाय मी."

जोतीरामला हसू आलं आणि वाईटही वाटलं. गावाला या बाईची दयाच यायची. नवरा दिल्लीत जगाची घरं मांडतोय आणि ही इथं सासूबरोबर वांगी नि दोडके तोडतेय. माहेर म्हणावं, तर तेही लांब, नागपूरच्या पलीकडं. तिकडून कधी कुणी आलं नाही. लग्नात सासूनं, म्हणजे ठमाबाईनं, तांदळाच्या ताटात अंगठीनं 'लक्ष्मी' हे नाव लिहून घेतलं आणि ती कऱ्हाटीची झाली. सुनेचं आधीचं नाव विचारायची आपल्याकडं पद्धत नाही, त्यामुळं कुणी विचारलंही नाही. बोलायला तर ती अशी की बाजारात व्यापारी तिच्याशी घासाघीस करायला कचरत.

एकदा सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा सगळं गाव तिच्या दारात उभं राहिलं. तिनं हात जोडले. "म्हशी कोण बघंल?" म्हणाली. मतदानालाही कधी गेली नाही. त्याच दिवशी नेमकी एखादी म्हैस आजारी पडायची. एवढी संसारात बुडालेली बाई पंचक्रोशीत नव्हती.

वकील घाईघाईनं चुलीपाशी आले. सत्तरीचा माणूस, पण आज पोरासारखी चाल होती.

"गाडी निघाली बारामतीतून," ते हळूच म्हणाले.

"यील ना हो? मागल्या वेळंला बी निघाली व्हती."

"तेव्हा अर्ध्यातनं परत बोलावली. या वेळी काल कचेरीत जाऊन सही माझ्या डोळ्यांनी बघितलीय."

लक्ष्मीबाईच्या हातातली भाकरी फाटली. तिनं पिठाचा गोळा पुन्हा मळायला घेतला. नवऱ्याच्या गळ्यात हार पडावा म्हणून बायकोचा जीव किती टांगणीला लागलाय, हे बघून जोतीरामला भरून आलं.

शेजारी ठमाबाई बसली होती. नव्वदीला टेकलेली म्हातारी सकाळपासून नवं लुगडं नेसून, मांडीवर खण-नारळ घेऊन हलायला तयार नव्हती.

"आज्जी, खण-नारळ कशाला? बाप्या माणूस यायचाय."

"तुला सांगितलं का कुणी, बाप्या हाय म्हणून? तू तुझी खुर्ची बघ."

तेवढ्यात धूळ उडवत पांढरी गाडी आली. हलगी वाजू लागली. जोतीराम सगळ्यात मोठा हार घेऊन धावला. गाडीतून कचेरीतल्या मॅडम उतरल्या, मग ड्रायव्हर उतरला. दोन्ही दारं बंद झाली. जोतीरामनं काचेला नाक लावून मागची सीट बघितली. तिथं फक्त पाण्याची बाटली होती.

"मॅडम, पाहुणा कुठाय?"

"पाहुणा कुठला? मी फक्त कागद आणलाय."

हलगी थांबली. जोतीरामचा चेहरा पार पडला. त्यानं वकिलांकडं बघितलं, तर ते हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मॅडम मांडवात गेल्या. त्यांनी पाकीट उघडलं, चष्मा लावला आणि अडखळत वाचलं, "खिन सान मे. जन्म रंगून, म्यानमार. भारताचं नागरिकत्व मंजूर. कृपया पुढं यावं."

सगळा मांडव रस्त्याकडं वळला. प्रतिक्षा मॅडमनी घसा साफ केला. रस्त्यावर एक शेळी तेवढी उभी होती.

ठमाबाई मात्र खण-नारळ घेऊन उठली आणि चुलीकडं वळली.

"आले, आले," पिठाचे हात पदराला पुसत लक्ष्मीबाई म्हणाली. "तेवढी तव्यावरची भाकरी उलटा कुणीतरी."